सासऱ्यांचा आवाज आणि माझी हार्ड डिस्क

माझ्या सासऱ्यांचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता. बायकोच्या रेकॉर्डरमधल्या नखाएवढ्या कार्डावर. ते कार्ड पुसायला तिला मीच सांगितलं.

सासरे चंदगड तालुक्यातले. भात, थोडे काजू, दोन म्हशी. घशाच्या आजारामुळं त्यांचं स्वरयंत्र काढावं लागणार हे ठरलं, तेव्हा बायको माहेरी जाऊन राहिली आणि ऑपरेशनच्या आधी जमेल तेवढं त्यांचं बोलणं तिनं रेकॉर्ड करून घेतलं. ती शाळेत मराठी शिकवते. रेकॉर्डर मुलांच्या तोंडच्या गोष्टी टिपायला घेतलेला, तो असा कामी आला. पहिल्याच दिवशी तिनं त्यांचा हाकारा घेतला. संध्याकाळी बांधावर उभं राहून ते म्हशींना हाक मारायचे. ती हाक अक्षरांत लिहिता येत नाही. सुरुवात खाकरल्यासारखी, शेवट लांब ओढलेला, समोरच्या टेकडीला लागून परत येणारा. लग्नानंतर मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा विहिरीत कोणी पडलं असं वाटून ताटावरून उठलो होतो. सगळं घर हसलं होतं.

ऑपरेशन झालं आणि बोलणं संपलं. गळ्यापाशी भोक, त्यावर पातळ फडकं. म्हशींना बोलवायला ते पत्र्याचा डबा काठीनं वाजवू लागले. म्हशी मान वर करून बघायच्या आणि पुन्हा चरायला लागायच्या.

तपासणीसाठी ते कोल्हापूरला आमच्याकडे उतरले होते, मेहुणा सोबत होता. संध्याकाळी बायको म्हणाली, सगळं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर घेऊन ठेवू, आप्पांना ऐकवू. आमचा कॉम्प्युटर जुना. त्याच्यावर मी लिनक्स घातलेलं आहे. एका तंत्रनिकेतनात मी प्रयोगशाळा सहायक आहे, त्यामुळं सासुरवाडीत माझी ओळख 'कॉम्प्युटरातलं जावई' अशी. गावात कोणाचा मोबाइल अडकला तरी मला विचारतात. बायकोनं कार्ड लावलं, कॉपी सुरू केली. पडद्यावरची पट्टी थोडी सरकली आणि थांबली. आतली डिस्क करकरत राहिली. आम्ही सगळे पट्टीकडं बघत बसलो.

"दाजी," मेहुणा म्हणाला, "ह्यो कॉम्प्युटर हाय की उसाची बैलगाडी? चढ लागला की हुबाच राहतोय."

"जुनी डिस्क आहे," मी म्हणालो.

"लिनक्स फुकट मिळतंय म्हणत हुता न्हवं? मग बरोबर हाय की. फुकटचा बैल आसाच चालणार."

सासरे हसले. आवाज नाही, फक्त खांदे हलत होते. मीही हसलो. बायकोनं कॉपी रद्द केली, म्हणाली, "राहू दे, कार्डावर आहे ना सगळं." ते दोघं दुसऱ्या दिवशी गावी गेले, पण ते हलणारे खांदे माझ्या डोक्यातून जाईनात. आजारी माणूस हसला, एवढ्यानं मला खरं तर बरं वाटायला हवं होतं.

मग मी डिस्कच्या मागं लागलो. चोंदून भरलेली डिस्क आधी मोकळी केली. एखादी फाइल नुसती वाचली तरी वाचल्याची वेळ डिस्कवर नोंदवायची सवय असते, ती बंद केली. एवढ्यानंच बराच फरक पडला. तिथं थांबायला हवं होतं. पण मला मेहुण्याच्या डोळ्यांत दिसेल असा वेग पाहिजे होता. पुढच्या सेटिंग करून बघू नयेत अशा होत्या, तरी त्या मी करून बघितल्या. लिहायचा मजकूर लगेच डिस्कवर न टाकता बराच वेळ मेमरीत साठवून ठेवायचा. आणि आधी काय, नंतर काय लिहायचं याची राखण करणारी जी व्यवस्था असते, ती काढून टाकायची. टपाल पोचलं म्हणून सही घ्यायची आणि पाकीट मात्र पोस्टमनच्या पिशवीतच ठेवायचं, असा तो प्रकार. काम झालं असं दिसतं. झालेलं नसतं.

ज्या पानावर मी हे वाचलं तिथं ठळक अक्षरांत लिहिलं होतं की वीज अचानक जाण्याची शक्यता असेल तिथं हे करू नये. मी ते वाचलं. मला ते समजलं. आमच्या यूपीएसची बॅटरी केव्हाच मेलेली, इन्व्हर्टर पंख्यांना आणि दिव्यांना जोडलेला, कॉम्प्युटरच्या प्लगला नाही. हेही मला माहीत होतं. तरी मी एंटर दाबलं. अज्ञानातून चूक झाली असती तर हे लिहायला बसलो नसतो.

बायकोनं एके दिवशी शाळेतून रजा घेतली. आईचंही बोलणं रेकॉर्ड करून ठेवते म्हणाली, माणसाचा भरवसा नाही. निघायच्या आधी तिनं कार्ड पुन्हा कॉम्प्युटरला लावलं. गॅसवर चहा चढवला होता, तो उकळायच्या आत कॉपी संपली.

"अहो, हे काय केलंत?" ती खरोखर चकित झाली होती.

"केलं थोडं," मी म्हणालो.

"आप्पांचं सगळं आलं?"

"झालं म्हणतोय ना तो? मग झालं."

"मग कार्ड पुसू? आईचं बसायला जागा पाहिजे."

मी बशीत चहा ओतत होतो. वर न बघता म्हणालो, "पूस."

तिनं रेकॉर्डरमध्येच कार्ड कोरं केलं, पिशवी उचलली आणि चंदगडची एसटी गाठायला गेली. पहाटे उठून तिनं मिक्सरवर माझ्या दोन वेळच्या भाजीचं वाटण काढून ठेवलं होतं. आमच्या भागात देखभालीसाठी लाइट जायचा वार ठरलेला आहे. त्या दिवशी सगळी गल्ली टाक्या लवकर भरून घेते, बायका मिक्सर उरकून घेतात. मी तो मिक्सरचा आवाज ऐकला होता. तो ऐकूनही, आज कोणता वार आहे, हे माझ्या मनात आलं नाही.

ती गेली आणि थोड्याच वेळात लाइट गेली. मी दाढी करायला सलूनमध्ये गेलो. परत आलो तेव्हा लाइट आली होती. मला सुचलं, हाकारा मेहुण्याच्या मोबाइलवर पाठवावा, खाली लिहावं, बैलगाडीतून पाठवला आहे. कॉम्प्युटर सुरू व्हायला नेहमीपेक्षा वेळ लागला. डिस्क तपासतो आहे असं तो सांगत होता. मग फोल्डर उघडलं. नावं सगळी जागच्या जागी होती. 'हाकारा' सगळ्यात वर. पुढं आकार शून्य. खाली 'बांध', शून्य. 'लग्नातली भांडणं', शून्य. सगळीकडं शून्य.

घाबरला की माणूस पुन्हा पुन्हा तेच बटण दाबतो. मी तेच केलं. मग भानावर आलो. एक गोष्ट मला ठाऊक होती. कोरं केलेलं कार्ड लगेच कोरं होत नाही. जुना मजकूर तसाच असतो, फक्त त्याच्यावर लिहायची मुभा मिळालेली असते. नवं रेकॉर्डिंग सुरू झालं की ते कार्डाच्या सुरुवातीपासून जुन्यावर बसत जाणार. सुरुवातीला होता हाकारा. म्हणजे बायकोनं आईसमोर रेकॉर्डर धरून बटण दाबायच्या आत तिला थांबवायचं होतं. बाकी काही नाही. एवढंच.

तिचा फोन लागेना. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पावसाचे दिवस होते, आणि त्या बाजूला एरवीही रेंज मिळायला टेकडीवर जावं लागतं. मग मेहुण्याला लावला. तो लागला.

"बोला दाजी."

"कुठं आहेस?"

"बेळगावात. खतं न्यायला आलतो. अक्का निघाली का न्हाय?"

"निघाली."

"मग? काय झालं? आवाज का असा यायलाय?"

त्या वेळी मी सांगायला हवं होतं. पण माझ्यासमोर उसाची बैलगाडी उभी राहिली. त्याला काय सांगू, वेग वाढवला आणि तुझ्या बापाचा आवाज घालवला?

"काही नाही," मी म्हणालो, "सहज केला."

"सहज? तुमी?" तो हसला. "बरं, ठेवू?"

मी ठेव म्हणालो आणि मोटरसायकल बाहेर काढली.

कागल, निपाणी, संकेश्वर. हमरस्त्यावर पाऊस अंगावर सुईसारखा लागत होता आणि मी मनात हिशेब मांडत होतो. एसटी गडहिंग्लजच्या स्टँडवर थांबते, ड्रायव्हर-कंडक्टर चहा घेतात. तिथं ती सापडेल. सापडली तर खिडकीतूनच सांगायचं, रेकॉर्डर दे. का, ते नंतर. म्हणजे तेव्हाही मी लपवायचीच वाट शोधत होतो. गडहिंग्लजला स्टँडमध्ये शिरलो तर चंदगडचा फलाट मोकळा. खिडकीतल्या माणसाला विचारलं.

"चंदगड? आत्ता गेली की, पावणं. धूर बगा अजून हाय."

"मधे कुठं थांबते?"

"थांबंल की, कोण हात करंल तिथं थांबंल. तुमी करणार का हात? मग फुडं जाऊन हुबं ऱ्हावा."

शेजारचा एक जण हसला. मी गाडीला किक मारली. नेसरीच्या पुढं एका ओढ्याचं पाणी फरशी पुलावरून वाहत होतं. एसटी उंच, ती पलीकडं गेलेली दिसत होती, चढावर तिचा लाल पाठीमागचा भाग नाहीसा होत होता. माझी गाडी बुडाली असती. अलीकडं एक ट्रॅक्टरवाला बिडी ओढत बसला होता.

"घालू नगा पावणं. सासुरवाडीला निघालासा की सरगाला?"

"सासुरवाडीला," मी म्हणालो.

"मग बसा की. सासुरवाडी कुटं पळून जात्या?"

पाणी उतरायची वाट बघत मी तिथं उभा राहिलो. किती वेळ, ते सांगता येणार नाही. मोबाइलवर रेंजची एक काडी यायची आणि जायची. ती असताना मेहुण्याला पुन्हा फोन करता आला असता. मी मोबाइल खिशातून काढला आणि पुसून परत ठेवला. शेवटी ट्रॅक्टरवाल्यानंच माझी गाडी ट्रॉलीत चढवायला हात दिला आणि पलीकडं सोडलं.

गावात शिरताना डब्याचा आवाज ऐकू आला. सासरे बांधावर होते, भिजलेल्या इरल्यात. मला बघून त्यांनी काठी थांबवली आणि दोन्ही हात वर केले. म्हणजे, तुम्ही? असे? मी हात जोडले आणि घराकडं पळालो.

दारात सासूबाई दिसल्या. म्हणजे त्या रेकॉर्डरसमोर नव्हत्या. माझ्या जिवात जीव आला.

"अगं बाई, जावई!" त्यांनी पदर डोक्यावर ओढला. "आगं ए, पाणी आण पाय धुवायला. चिंब झाल्यात. टावेल आण."

"मामी, रेकॉर्डर कुठं आहे?"

"बसा, बसा आदी. च्या ठेवते."

"मामी, आधी..."

"काय आदी? आदी पाय धुवा. वल्या अंगानं बोलत हुबं ऱ्हाऊ ने." त्या मागच्या दाराकडं वळून ओरडल्या, "आगं, त्यो तांबडा कोंबडा धर. पावणं आल्यात."

जावई आला की असं होतं. पाय धुवेपर्यंत, पाट घेईपर्यंत, चहा पिईपर्यंत त्याला कोणी काही विचारत नाही आणि त्याला काही सांगूही देत नाही. मी दारात तांब्या धरून उभा राहिलो आणि आत बायको दिसली. तिच्या हातात रेकॉर्डर होता, लाल दिवा लागलेला. आई उठून गेली तरी तिनं तो बंद केला नव्हता.

"अहो, तुम्ही?" तिचा चेहरा पांढरा पडला. "काय झालं? पोरगं बरं आहे ना?"

आमचा मुलगा पुण्याला असतो. ती पिशवीकडं धावली, मोबाइल काढायला. मी म्हणालो, "तो बरा आहे. ते बंद कर. आधी बंद कर."

तिनं बंद केलं.

"आईचं झालं का?"

"झालं की बरंच. आल्यापासून बोलतीय. काय झालं ते सांगा."

तेवढ्यात सासरे आत आले. इरलं काढून टेकवलं, खाटेवर बसले, गळ्यावरचं फडकं नीट केलं. तेही माझ्याकडं बघायला लागले.

"लाइट गेली," मी म्हणालो. "कॉपी झाल्यावर लगेच गेली. आणि आप्पांचं सगळं..."

"काय सगळं?"

"गेलं."

मागं कोंबडा ओरडत होता. बायको म्हणाली, "लाइट तर दर आठवड्याला जाते. कधी काही गेलं नाही."

इथं मला गप्प बसता आलं असतं. लाइटवर, जुन्या डिस्कवर, फुकटच्या बैलावर ढकलता आलं असतं. सासरे मान थोडी तिरकी करून ऐकत होते. ज्याला उलट बोलता येत नाही अशा माणसासमोर खोटं बोलणं फार सोपं असतं. ते सोपं आहे हे कळलं, म्हणूनच ते मला जमलं नाही.

"या वेळी माझ्यामुळं गेलं," मी म्हणालो. "वेग यावा म्हणून मी सेटिंग बदलली होती. डिस्कवर गेलेलं नसताना झालं म्हणून सांगेल अशी. लाइट गेली तर जाईल हे मला माहीत होतं."

बायकोनं रेकॉर्डर खाली ठेवला. मग म्हणाली, "मी तुम्हाला विचारलं होतं. पुसू का म्हणून विचारलं होतं."

"हो."

"विचारलं होतं ना?"

"हो."

सासूबाई चहाचा कप घेऊन आल्या होत्या. त्यांना सगळं कळलं नव्हतं, पण जेवढं कळलं तेवढं पुरेसं होतं. "म्हंजे ह्येंचा आवाज..." एवढंच त्या म्हणाल्या आणि कप माझ्यासमोर ठेवला. हातात दिला नाही. नंतर मागच्या दाराशी जाऊन कोणाला तरी म्हणाल्या, "काप. चुकलं तरी जावईच हाय. उपाशी धाडू?"

मी कार्डाचं सांगितलं. काही शिल्लक असेल, आता त्यावर काही घेऊ नका. बायकोनं कार्ड काढलं, आप्पांच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत कापूस घालून त्यात ठेवलं आणि डबी माझ्याकडं न देता स्वतःच्या पिशवीत ठेवली. जेवायला मला पाटावर बसवलं, रस्सा दोनदा वाढला. मी तो सगळा संपवला.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत ती माझ्या शेजारी बसली. आधी मी कार्डाची जशीच्या तशी प्रत काढली आणि प्रत पूर्ण होईपर्यंत बायको पडद्यावरून नजर हलवेना. मग पुसलेल्या फाइली शोधणारा प्रोग्रॅम चालवला. एकेक सापडत गेली. बांध कसा घालायचा, सापडली. लग्नातली भांडणं सापडली. एकीत ते माझ्याबद्दल बोलत होते, "जावई चांगलं हाय, पण त्याला न्हाय म्हणता येत न्हाय. इचारलं की व्हय म्हणतंय. मग करत बसतंय." बायको म्हणाली, "पुढं घ्या." मी पुढं घेतलं. हाकारा सापडला नाही. त्या जागी सासूबाई होत्या. बायको पोचल्यापासून त्यांनी केलेली बडबड बरोबर त्याच्यावर बसली होती.

सणाला आम्ही गावी गेलो तेव्हा सगळे जण बसून ऐकत होतो. सासरे स्वतःचा आवाज ऐकताना ओठ हलवत होते. हाकारा का नाही ते बायकोनं मेहुण्याला सांगितलं, की आईचं रेकॉर्डिंग आधी सुरू झालं, ओढ्याला पाणी होतं, हे पोचेपर्यंत उशीर झाला.

मेहुणा माझ्याकडं वळला. "पर दाजी, तुमी मला त्याच दिवशी फोन केलता की. मी बेळगावात हुतो तवा. गावात आपल्या घरासमोरच्या दुकानात वायफाय हाय. मी एक मेसेज टाकला असता तर दुकानातलं पोरगं पळत जाऊन अक्काला सांगून आलं असतं. ती एस्टीतनं उतरल्या उतरल्या."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. हे मी तिला सांगितलं नव्हतं.

"हो," मी म्हणालो. "केला होता. लाज वाटली म्हणून बोललो नाही."

मेहुण्यानं या वेळी काही टोमणा मारला नाही. त्यानं टोमणा मारावा म्हणून मी वाट बघत राहिलो.

मग बायकोनं आईचं रेकॉर्डिंग लावलं. सासूबाई त्यात कोणाच्या तरी सुनेबद्दल बोलत आहेत, आणि मधेच लांबून पत्र्याचा आवाज येतो, टण टण. त्या थांबतात. म्हणतात, "आयकलंस? डबा वाजवून दमलं माणूस. म्हस काय येत न्हाय." मग पुन्हा टण टण. जिथं त्यांचा हाकारा होता, तिथं आता हा डबा आहे. सासऱ्यांनी तो ऐकला, उठले आणि बाहेर गेले. म्हशींची वेळ झाली होती.

त्या सेटिंग मी काढून टाकल्या आहेत. यूपीएसला नवी बॅटरी आहे. कॉम्प्युटर पुन्हा बैलगाडीसारखा चालतो. बायको आप्पांच्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेते तेव्हा खुर्ची ओढून पट्टीसमोर बसते. पट्टी संपली तरी उठत नाही. एकेक फाइल उघडून थोडी ऐकते, शेवटपर्यंत आहे ना बघते, मगच बंद करते. मी त्याच खोलीत असतो. झालं का, हे ती मला विचारत नाही.